८.१२ची लोकल आणि पांडुरंग सांगवीकर

साहित्याचे प्रकार किती, असं परीक्षेत विचारलं तर विद्यार्थी कथा, कविता, कादंबरी, नाटक असं काहीबाही लिहितात. डोंबिवलीकराला विचारा. तो सांगेल, प्रकार तीन. बसून वाचायचं, उभ्यानं वाचायचं आणि शेजाऱ्याच्या खांद्यावरून वाचायचं. पैकी पहिला प्रकार कल्याणकरांसाठी राखीव असतो, कारण गाडी तिथून सुटते. ठाणेकर मंडळींना वाटतं, आपण मुंबईच्या जवळ म्हणजे साहित्याच्याही जवळ. पण ठाण्याला गाडीत शिरणाऱ्या माणसाला पुस्तक उघडायचं सोडाच, स्वतःचा हात शोधायलाही मुलुंड येतं.

तरी आमच्या या पट्ट्यात वाचनाचा नाद जुना. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, म्हणजे रेल्वे कल्याणला पोचली त्यानंतर दहाच वर्षांत निघालेलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. पहिली आगगाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आली तेव्हापासून आमच्या लोकांना कळून चुकलं असावं की, आता आयुष्यभर जायचं-यायचं आहे, तर हाताशी वाचायला काहीतरी हवं.

डोंबिवली हे मुळात कथेचं गाव. पु. भा. भावे इथे राहिले. शं. ना. नवरे म्हणजे आमचे शन्ना तर आयुष्यभर डोंबिवलीकर. संध्याकाळी फडके रोडवर भाजी घेताना समोरून एखादा कथालेखक पिशवी घेऊन येणं यात आम्हाला काही विशेष वाटत नसे. कथा आमच्या वेळापत्रकातही चपखल बसते. डोंबिवलीला सुरू केली की घाटकोपरला नायिकेला पश्चात्ताप होतो आणि दादरला उतरायच्या आत लग्नही लागतं.

आणि अशा गावात राहून आम्ही प्रेमात पडलो ते भालचंद्र नेमाड्यांच्या! ज्यांनी कथा या प्रकाराला कधी मोठा साहित्यप्रकार मानलंच नाही. मासिकांची पानं भरायला वाढलेलं रोप, असा त्यांचा एकंदर सूर. लिहायचं तर कादंबरी लिहा, ऐसपैस. बरोबर आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीत, खानदेशच्या मोकळ्या रानात जन्मलेल्या माणसाला ऐसपैस म्हणजे काय ते ठाऊक असतं. आम्हाला ऐसपैस म्हणजे चौथ्या सीटवर अर्ध्याऐवजी पाऊण बूड टेकणं.

‘कोसला’ १९६३ साली आली. तेव्हा नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. पुण्याच्या फर्ग्युसनात शिकून, पुढे डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र करून, मुंबई पाहून ते गावी परतले होते. तिथे बसून त्यांनी ती झपाट्यानं लिहून काढली आणि पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं छापली. पंचविसाव्या वर्षी आमच्यातले बहुतेक जण रेल्वेच्या पासासाठी फॉर्म लिहीत होते, आणि त्यातही खाडाखोड होत होती.

माझ्या हाती ती पडली १९७०च्या सुमाराला. मी मुंबईच्या एका कॉलेजात होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खाजगी लायब्ररी होती. तिच्या मालकांनी पुस्तकाचं नाव वाचून ते ‘शेती व जोडधंदे’ या फळीवर ठेवलं होतं. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचं घर, हे त्यांचं ज्ञान बिनचूक होतं. कुक्कुटपालन आणि मधुमक्षिकापालन यांच्या मधोमध मला पांडुरंग सांगवीकर सापडला.

पारायण झालं ते लोकलमध्ये. तेव्हा जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. पांडुरंग होस्टेलच्या भानगडीत सापडला आणि गाडी बोगद्यात शिरली. डब्यातल्या पिवळ्या दिव्यांना अक्षरं काही पेलेनात. अंधारात उभा राहून मी, पुढे या पोराचं काय होणार, याची काळजी करत होतो. इतकी काळजी मी स्वतःच्या टर्मिनलचीही केली नव्हती.

आता ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खेड्यातल्या खात्यापित्या घरातला एक मुलगा पुण्याला शिकायला जातो. होस्टेल, मेस, मित्र, निवडणुका, स्नेहसंमेलनं. पैसा पाण्यासारखा जातो, अभ्यास जातो, उमेद जाते आणि मुलगा गावी परत येतो. झालं. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण त्याआधी मराठी कादंबरीतला नायक कसा असायचा? उंच, भव्य कपाळाचा, ध्येयवादी. तो बोलायला लागला की वाचकाला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटत. पांडुरंग आमच्यासारखा बोलायचा. मधेच रोजनिशी लिहायचा, मधेच इतिहासकारांची टर उडवायचा, आणि कशातच काही अर्थ नाही हे इतक्या गमतीनं सांगायचा की, आपण हसतोय की रडतोय ते कळायला दोन स्टेशनं जायची.

झालं असं की, आम्ही सगळे तसंच बोलायला लागलो. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द त्या काळात डोंबिवलीत रॉकेलपेक्षा जास्त खपले असतील. सकाळी आई वाण्याकडे पाठवायची.

‘‘काय काय आणायचं?’’ मी विचारायचो.

‘‘साखर, चहा आणि पोहे.’’

‘‘म्हणजे उदाहरणार्थ साखर वगैरे.’’

‘‘वगैरे नको,’’ आई शांतपणे सांगायची, ‘‘वगैरे परवाच आणलंय. संपलं की सांगेन.’’

खरी पंचाईत निराळीच होती. पांडुरंगसारखं उदास व्हायचं तर जागा लागते. होस्टेलची खोली लागते, नदीचा काठ लागतो, निदान एखादा मळा तरी. आमची दोन खोल्यांची जागा, त्यात माणसं सहा. बाहेरच्या खोलीत उदास व्हावं तर आजोबांचं विष्णुसहस्रनाम सुरू. आत जावं तर आई म्हणायची, ‘‘रिकामाच बसलायस ना, मग या शेंगा निवड.’’ गॅलरीत गेलं तर वाळत घातलेल्या चादरी. चादरी बाजूला सारून आयुष्याच्या निरर्थकतेकडे पाहू लागलं, की समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू विचारायच्या, ‘‘काय रे, पोट दुखतंय का?’’

आणि पांडुरंगाला परत जायला गाव तरी होतं. बापाची शेती होती, वाडा होता. डोंबिवलीचा पांडुरंग परतून जाणार कुठे? फार तर ठाकुर्लीला. म्हणून आमच्या पिढीतल्या पोरांनी निरर्थकता पुस्तकात ठेवली आणि परीक्षा दिल्या. मीही दिल्या, आणि यथाकाल मुंबईतल्या एका विम्याच्या कचेरीत चिकटलो.

पण त्याआधी एक गोष्ट घडली. ती सांगायला हवी.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका हपिसात कारकून होते. बोलण्याचे विषय तीन. गाड्यांची वेळ, भाज्यांचे भाव आणि आमचे मार्क. पुस्तक म्हणाल तर पंचांग आणि टाइमटेबल. एका रविवारी दुपारी त्यांनी माझी ‘कोसला’ उचलली. का, तर मुलगा हल्ली गाडीत काय वाचतो ते पाहावं म्हणून. मला वाटलं, दहा पानांत ठेवतील. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातला दिवा चालूच. सोमवारी त्यांनी ती हपिसात नेली. मंगळवारीही नेली. बुधवारी रात्री जेवताना म्हणाले, ‘‘वाचलं तुझं पुस्तक.’’

मी ताटाकडे पाहत बसलो.

‘‘लिहितो छान. खोटं नाही कुठे. पण एक सांग, त्या मुलानं पुण्याला उडवलेला पैसा त्याच्या बापानं आणला कुठून, याचा हिशेब कुणी लिहिलाय का?’’

आई म्हणाली, ‘‘जेवताना कसले हिशेब!’’

मी मनातल्या मनात पांडुरंगाची बाजू घेऊन भांडत होतो. बाप मंडळी सगळी सारखीच, वगैरे. तेवढ्यात अण्णा थांबले. भाताचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, ‘‘ती बहीण जाते ना त्याची, धाकटी, ते मात्र...’’ आणि पुढे बोलले नाहीत.

हात धुऊन बाहेर आले. चष्मा पुसला. आणि गाड्या, भाज्या, मार्क यांच्यापलीकडे आयुष्यात पहिल्यांदाच काही सांगायला लागले. त्यांनाही एक धाकटी बहीण होती. कोकणात, सात वर्षांची. पावसाळ्यात ताप आला, डॉक्टर नदीच्या पलीकडे आणि नदीला पूर. दोन दिवसांत गेली. तिला लोणच्याची फोड आवडायची, बरणी उघडली की कुठे असेल तिथून धावत यायची. एवढंच. पाच-सात वाक्यं. आईला लग्नाला बावीस वर्षं होऊन हे ठाऊक नव्हतं. मग अण्णांनी घड्याळाला किल्ली दिली, उद्याच्या गाडीचे सुटे पैसे खिशात ठेवले आणि दिवा घालवला.

मोठमोठ्या टीकाकारांनी ‘कोसला’वर पुष्कळ लिहिलंय. अस्तित्ववाद आहे की नाही, नायक की प्रतिनायक, रूप कसं, भाषा कशी. सगळं खरं असेल. मला विचाराल तर एका कारकुनाच्या छातीत तीस वर्षं कुलूपबंद असलेली एक मुलगी त्या पुस्तकानं आमच्या घरात आणून बसवली. त्यानंतर आमच्याकडे लोणच्याची बरणी उघडली की आई नकळत क्षणभर थांबायची.

पुढे नेमाडे लिहीत गेले, आम्ही वाचत गेलो. १९७५ ते १९७९ या काळात ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ आल्या. त्यातला चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक. आज या गावी, उद्या त्या गावी, सामान बांधून हिंडणारा. नेमाड्यांनी स्वतःही नगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा अशा ठिकाणी शिकवलं आणि शेवटी मुंबई विद्यापीठात टागोर अध्यासनावर आले. माझी बदली माटुंग्याहून भायखळ्याला झाली तेव्हा मीही स्वतःला चांगदेव समजून आठ दिवस बिऱ्हाड हलवल्याच्या चेहऱ्यानं हिंडलो. सौ. म्हणाली, ‘‘पास तोच चालतो ना? मग झालं.’’

गंमत बघा. जन्मभर इंग्रजी शिकवून या माणसानं मराठीचा कैवार घेतला. देशीवाद म्हणाले त्याला. आपल्या मातीत, आपल्या परंपरेत पाय रोवून लिहा, उसन्या साहेबी चष्म्यातून पाहू नका. मुलांना मातृभाषेत शिकवा. आम्ही डोंबिवलीकर माना डोलवायचो, टाळ्या वाजवायचो, आणि जून महिन्यात पहाटे चार वाजता उठून इंग्रजी शाळेच्या फॉर्मसाठी रांगेत उभे राहायचो. रांगेत वेळ जावा म्हणून पुस्तक अर्थातच नेमाड्यांचं. त्या ‘टीकास्वयंवर’ला १९९१चं साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं, तेव्हा पेढे वाटण्याची सूचना त्या रांगेतल्याच एका गृहस्थांनी मांडली होती.

साहित्य संमेलन हा नेमाड्यांच्या मते रिकामटेकड्यांचा उद्योग. २०१७च्या फेब्रुवारीत तो उद्योग डोंबिवलीत आला. मी तीनही दिवस गेलो. निवृत्त माणसाइतका रिकामटेकडा दुसरा कोण, आणि आयुष्यात कधी नव्हे तो एखादा साहित्यविषयक निकष आपल्याला तंतोतंत लागू पडतो आहे, ही संधी कोण सोडील? पुस्तकांच्या दालनात गर्दी म्हणजे ८.१२च्या तोडीची. मी सवयीनं खांदा तिरपा करून आत शिरलो. समोरच्या टेबलावर ‘कोसला’ची नवी प्रत. म्हटलं, बघा, संमेलनात न येणाऱ्यांनाही लोक इथे येऊन विकत घेतात.

पण मी ‘हिंदू’ विसरलो. म्हणजे विसरणं शक्यच नाही, कारण तिची वाट पाहण्यात आमची उमर गेली. ‘झूल’नंतर नेमाडे एक मोठी कादंबरी लिहिताहेत, एवढं कानावर यायचं. वर्षं जायची. डोंबिवलीकराला वाट पाहण्याची सवय असतेच. एकीकडे ‘हिंदू’ येणार, दुसरीकडे ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन येणार. कोण आधी येतं यावर आमच्या ग्रुपमध्ये पैज लागली होती. ‘हिंदू’ २०१० साली आली. त्या लाइनीवर गाड्या धावल्या २०२२ साली. मराठी लेखकाला आळशी म्हणणाऱ्यांनी ही तुलना ध्यानात ठेवावी.

‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’, पानं सहाशे. माझी नोकरीची शेवटची वर्षं. ८.१२मध्ये उभ्यानं एका हातात ती धरणं हा व्यायाम होता. दुसऱ्या हाताला वरची कडी. पान उलटायचं तर कडी सोडायची, आणि कडी सोडली तर पुढच्या माणसाच्या मांडीवर. सहप्रवासी मदत करायचे. ‘‘काका, झालं का पान?’’ आणि उलटून द्यायचे. पंधरा दिवसांनी लक्षात आलं, पान उलटणारा तो पोरगा स्वतःच वाचतोय आणि त्याचं वाचून झालं तरच उलटतोय.

कादंबरीचा नायक खंडेराव, पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोला उत्खननावर असतो. तिथे बातमी येते, वडील अत्यवस्थ. आणि तो घराकडे निघतो. गाव, शेती, पूर्वज, हजारो वर्षांचा पसारा, सगळं त्या वाटेवर उलगडत जातं. तिथे मी पुस्तक मिटलं. पंचविसाव्या वर्षी ज्या लेखकानं बापापासून दूर पळणारा मुलगा लिहिला, त्यानं सत्तेचाळीस वर्षांनी बापाकडे धावत जाणारा मुलगा लिहिला होता. अण्णा १९९४ साली गेले. त्या दिवशी पावसानं गाड्या बंद होत्या. मी मुंब्र्यापासून रुळांवरून चालत घरी पोचलो होतो. वेळेवर पोचलो, एवढं सांगतो.

मधल्या काळात माझा मुलगा इंजिनिअरिंगला पुण्यात होस्टेलवर राहिला. २००२ साली त्याच्या पलंगावर मला ‘कोसला’ दिसली. मी जगातल्या कोणत्याही बापानं केलं असतं तेच केलं. आधी त्याचं मार्कशीट पाहिलं. मार्क बरे होते. तरी घरी येऊन मी वहीत एक नवं पान उघडलं. फी, मेस, बसभाडं, पुस्तकं. आकडे लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं की पांडुरंग अजून पंचवीसचाच आहे, आणि मी मात्र पक्षांतर करून केव्हाच त्याच्या वडिलांच्या बाकावर जाऊन बसलोय. शेजारी अण्णा आहेतच. आणि बरं का, तिथून पुस्तक जास्त चांगलं दिसतं. पांडुरंगाच्या गमतींवर हसू तेवढंच येतं. पण त्या हसण्यात मनिऑर्डरीची पावती खुपत राहते. पांडुरंगाच्याच तोंडून सांगितलेल्या गोष्टीत बापाचं दुःखही दिसावं, हे पंचवीस वर्षांच्या पोरानं कसं साधलं असेल, देव जाणे.

२०१५ साली ज्ञानपीठ जाहीर झालं. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि आता नेमाडे. मराठीतले चौथे. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी अभिनंदन लिहिलं. खालीच, पाणी उद्या अकराला जाईल. कोणीतरी मधली रेघ पुसली, आणि दोन दिवस आमच्याकडे नेमाडे अकराला जाणार होते.

आता माझी नात नववीत आहे. इंग्रजी शाळेत, सांगायला नकोच. मागच्या महिन्यात कपाट आवरताना तिला अण्णांनी वाचलेली, पाठ सुटलेली ती प्रत सापडली. आमच्या लायब्ररीनं गाशा गुंडाळला तेव्हा मालकांनी ती मला दिली होती, पहिल्या पानावर अजून ‘शेती’चा शिक्का आहे. ‘‘आजोबा, कोसला म्हणजे काय?’’ मी म्हटलं, ‘‘ककून.’’ ते तिला लगेच कळलं. सुधाकर मराठ्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद त्याच नावाचा आहे, १९९७चा. म्हटलं, तो मागवू का तुझ्यासाठी? तर म्हणाली, ‘‘नको. ही तुमची हसून हसून पाठ सुटलीय ना, हीच वाचू.’’

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर आम्ही बसतो. ती बोट ठेवून मोठ्यानं वाचते. जोडाक्षराला ठेचकाळते. एखादा खानदेशी शब्द आला की माझ्याकडे बघते, मी शब्दकोशाकडे बघतो, आणि शब्दकोश छताकडे. सून आतून विचारते, किती पानं झाली? सध्या आम्ही सोळाव्या पानावर आहोत. वेग म्हणाल तर स्लो लोकल. पण दोघांनाही खिडकी मिळालीय आणि बहिणीचं स्टेशन अजून लांब आहे.